बोटीवर कुणी चहा मागितला नाही

आमची नोकरी रेल्वेतली. परळच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागलो आणि ३४ वर्षांनी तिथूनच निवृत्त झालो. रेल्वेच्या माणसाला पास मिळतो, त्यामुळे आमच्या घरात फिरणे म्हणजे पासावर फिरणे. नागपूर झाले, बुद्धगया झाली, मुले लहान असताना एकदा दिल्ली-आग्राही झाले. पण या प्रत्येक प्रवासात आमच्या आयुष्मतींच्या पिशवीत रॉकेलचा छोटा स्टोव्ह, दोन पातेली, तांदूळ-डाळ आणि तिखट-मीठ असायचेच. उतरलो त्या ठिकाणी आम्ही हातपाय धुऊन आडवे व्हायचो आणि ही स्टोव्हला पंप मारायची. म्हणजे सुट्टी आमची झाली आणि मुलांची झाली. हिचे स्वयंपाकघर तेवढे मुंबईहून आग्र्याला गेले आणि परत आले.

हे आमच्या लक्षात आले नव्हते. लक्षात आणून दिले ते मुलीने. ती महापालिकेच्या इस्पितळात परिचारिका आहे आणि बोलायला फटकळ आहे.

निवृत्तीच्या वेळी न वापरलेल्या रजेचे पैसे मिळतात, हे नोकरदार वाचकांना माहीत आहे. आमची रजा बरीच शिल्लक होती. चौतीस वर्षांत जी रजा घेतली ती लग्नकार्याला, बाळंतपणाला, मयतीला आणि गावच्या घराचे कौल बदलायला. आराम करायचा म्हणून एक दिवसही घेतलेली आठवत नाही. ते पैसे हातात आले तेव्हा आम्हाला अभिमानच वाटला. मुलगी म्हणाली, "बाबा, ही तुमची न घेतलेली सुट्टी आहे. रजेचे पैसे रजेवर खर्च करा. आईला बोटीवर न्या. तिथे तिला चूल नाही, मोरी नाही, भांडी नाहीत."

दीड वर्ष आम्ही टाळले. बोट म्हणजे श्रीमंतांचे काम, तिथे दारू आणि नाच, आपण तिथे काय करायचे? चाळीत विषय निघाला तेव्हा एकाने तर विचारले, "पोहायला येते का?" शेवटी मुलीने परस्पर तिकीट काढून आणले. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री, २०२४ च्या जानेवारीत. सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीची खोली. दोघांचे मिळून साठ हजारांच्या आसपास गेले. ही अंगणवाडीत मदतनीस. तिने चार दिवसांची रजा टाकली आणि अर्जात कारण लिहिले, 'घरगुती काम'. खरे कारण लिहायची तिला लाज वाटली.

मुंबई-गोवा बोट आपल्याला नवी नाही. आमचे गाव जयगडच्या खाडीकडचे. आमची आई लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईला आली ती आगबोटीनेच. बोट बंदरापासून दूर उभी राहायची, माणसे पडावातून तिच्यापर्यंत जायची, आणि वर चढताना पोर एका हातात आणि बोचके दुसऱ्या हातात. डेकवर वळकटी पसरायची, रात्रभर ओकारी काढायची आणि सकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. कोकणातल्या हजारो गिरणी कामगारांची मुंबई अशीच सुरू झाली. पावसाळ्यात बोटी बंद, मग गावाशी संबंध पत्रापुरता. पुढे रस्ते झाले, एस.टी. वाढली, आणि आगबोटी गेल्या. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' नावाची आरामबोट सुरू झाली आणि २०२० मध्ये ती थांबली. २०२१ पासून त्याहून पुष्कळ मोठ्या बोटी मुंबईहून सुटू लागल्या.

आराम म्हणून बोटीवर जायचे ही कल्पना मूळची युरोपातल्या सुखवस्तू लोकांची. इंग्लंडच्या पी. अँड ओ. कंपनीने १८४४ मध्ये भूमध्य समुद्रात अशा सहली काढल्या. केवळ सहलीसाठी म्हणून बांधलेली बोट जर्मनीत १९०० साली पाण्यात उतरली. आमच्या आईच्या बोटीचा आणि या बोटींचा संबंध एवढाच की दोन्ही पाण्यावर चालतात.

बॅलार्ड पिअरला आम्ही वेळेच्या दोन तास आधी पोहोचलो. रेल्वेची सवय. हिने आदल्या रात्री जागून तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि उकडलेली अंडी बांधून घेतली होती. "तिथले जेवण आपल्याला नाही चालले तर?" दारावरच्या माणसाने नम्रपणे सांगितले की शिजवलेले अन्न आत नेता येत नाही. त्याचा नियम बरोबरच होता. हजारभर माणसे एका बोटीवर, एकाच्या डब्याने दुखणे सुरू झाले तर जबाबदार कोण? पण हिचा चेहरा उतरला. मग आम्ही बाहेर आलो. एका झाडाखाली कठड्यावर बसलो आणि टॅक्सीवाला, दोन हमाल आणि आम्ही दोघे अशा पाच जणांनी ती शिदोरी संपवली. टॅक्सीवाला जौनपूरचा. सुकट त्याने आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली आणि पाणी पिऊन घेतले.

बोट जवळून पाहिली तेव्हा आम्ही गप्पच झालो. अकरा मजली इमारत आडवी करून पाण्यावर ठेवावी तशी. इंजिनाची धडधड पायांना लागत होती आणि आमच्यातला फिटर सुखावला. खोलीत शिरलो. दोन पलंग, कपाट, आरसा, न्हाणीघर. ही म्हणाली, "आपली चाळीची खोली एवढीच होती ना हो? आणि त्यात आपण सात जण." खिडकी नव्हती. पण एक गोष्ट सांगून ठेवतो. खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्याजवळची खोली स्वस्त असते आणि तिथे हेलकावाही कमी लागतो. महागाच्या वरच्या खोल्यांतून समुद्र दिसतो, पण समुद्र डेकवर फुकट दिसतो.

बोट सुटण्याआधी सर्वांना गोळा करून कवायत देतात. भोंगा झाला तर कुठे जमायचे, तरंगण्याचे जाकीट कसे बांधायचे. इटलीजवळ १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉनकॉर्डिया ही बोट खडकावर जाऊन कलंडली आणि ३२ माणसे गेली. तिच्यावर काही प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. आता कवायत सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. आमच्या आजूबाजूची तरुण मंडळी फोनवर फोटो काढत होती. ही मात्र पुढे जाऊन उभी राहिली आणि जाकिटाचे बंद दोनदा बांधून दाखव म्हणाली.

त्याला कारण आहे. हिचे माहेर अलिबागकडचे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. दिव्याच्या अवसेचा दिवस, लोक सणाला घरी चालले होते. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून कित्येकांना वर काढले. हिचे वडील तेव्हा शाळकरी पोर. किनाऱ्याला लागलेल्या वस्तूंच्या, नवीन छत्र्यांच्या आणि मिठाईच्या पुड्यांच्या गोष्टी ते शेवटपर्यंत सांगत. संध्याकाळी आमची बोट बंदराबाहेर निघाली. घारापुरीचा डोंगर मागे पडला, आणि अंधार पडता पडता अलिबागच्या बाजूला खांदेरीच्या दीपस्तंभाचा प्रकाश फिरताना दिसला. ही कठड्याला धरून बराच वेळ उभी होती. वरच्या डेकवर गाणी लागली होती, माणसे नाचत होती. त्यात वाईट काही नव्हते. त्यांचीही सुट्टीच होती.

रात्री आम्हाला बोट लागली. हिला नाही, आम्हाला. चौतीस वर्षे इंजिनाखाली घातलेल्या माणसाला ती लागावी! पोट अगदी रिकामे ठेवू नये, कोरडे काहीतरी थोडे खावे, मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे बघावे, एवढे केले की बहुतेकांना उतार पडतो. बोटीवर डॉक्टर असतो. पण तो फुकट नसतो, म्हणून आपल्या डॉक्टरला विचारून गोळ्या घरूनच न्याव्यात.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी ही पाच वाजता उठली. का, तर सवय. उठून तिने दोन्ही बिछाने घातले, चादरींच्या घड्या केल्या, न्हाणीघर पुसले आणि कपबशा विसळून ठेवल्या. आठ वाजता खोली साफ करणारा मुलगा आला. वय पंचवीस-सव्वीस, दार्जिलिंगकडचा. त्याने आत पाहिले आणि दारातच थबकला. "मॅडम, मेरे पहले कोई आया था क्या?" हिने सांगितले, मीच केले. पोरगा हसला, पण घाबरलेला दिसला. हळूच म्हणाला, "मॅडम, आप करेंगी तो ऊपरवाला समझेगा मुझे काम नहीं आता."

आम्ही दोघे ओशाळलो. आयुष्यभर दुसऱ्याच्या उष्ट्या ताटाला आपण हात लावला, आता दुसऱ्याने आपल्या उष्ट्याला लावू नये, एवढीच आमची भावना. हिची आई सासवण्याच्या वाड्यांत धुणीभांडी करायची. कुणी आपला बिछाना घालतोय आणि आपण खुर्चीत बसून बघतोय हे चित्र आम्हाला सोसत नव्हते. पण आमच्या या भावनेने त्या पोराच्या नोकरीला धक्का लागणार असेल तर? ही विचारात पडली. मग तिने त्याला आत बोलावले, "बेटा, तू कर. हम देखते हैं," असे म्हणाली आणि खरेच समोर बसून पाहिले. चादरीचा कोपरा तो कसा दुमडतो ते तिने शिकून घेतले. शिकणाऱ्याच्या नात्याने बसल्यावर तिला बसवले.

त्या पोराशी आमचे बोलणे वाढले. करार नऊ महिन्यांचा. घरी बायको, आणि सहा महिन्यांची मुलगी. मुलगी त्याने फोनच्या पडद्यावरच पाहिलेली. किनारा जवळ आला की सिग्नल मिळतो, म्हणून रात्रपाळी असो की दिवसपाळी, किनाऱ्याजवळ तो जागा राहतो. सुट्टीचा वार कोणता, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, बोटवर वार नसतो."

आम्ही युनियनमध्ये काम केलेले. घरी आल्यावर चौकशी केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली जहाजावरच्या कामगारांसाठी सागरी श्रम करार केला. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि २०१५ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. त्यात विश्रांती दिवसाला किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास अशी ठरवली आहे. नोकरीच्या दर महिन्यामागे अडीच दिवस पगारी रजाही आहे. काहीच नसण्यापेक्षा हे पुष्कळ. पण हिशेब उलटा मांडून पाहा. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ वजा केले तर ९१ तास कामाला मोकळे राहतात. आठवड्याला ४८ तासांवर नोकरी केलेल्या आमच्यासारख्याला हा आकडा झोंबला. शिवाय पुष्कळ आरामबोटी बहामा, पनामा अशा देशांचे निशाण लावून फिरतात, कारण तिथे कर आणि कामगार कायदे सैल. बोटीवर कामाला जाणाऱ्या आपल्या मुलांनी पगाराचा आकडा पाहावाच, पण करारात तास आणि रजा काय लिहिली आहे तेही वाचावे.

आमचे ४८ तास आपोआप आले नव्हते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४५ च्या कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने कामगाराला पगारी रजेचा हक्क मिळाला आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. हे आम्ही युनियनच्या सभांत कितीदा तरी सांगितले आहे. टाळ्याही मिळवल्या आहेत. आणि ती मिळालेली रजा चौतीस वर्षे न वापरता कचेरीत जमा करून ठेवली. अंगणवाडीच्या मदतनिसाला तर मानधन, आणि घरी आल्यावर दुसरी पाळी. तिचे तास कुणी मोजले? आम्ही तर मोजले नाहीत.

जेवणाचे सांगायचे तर शाकाहारी, जैन, मासे, मटण, सगळे होते. आपल्या तोंडाला येईल असे वरणभातही मिळाला. ताट आपणच वाढून घ्यायचे आणि हवे तितके घ्यायचे. हिला एकच गोष्ट खटकली. माणसे ताट शीग लावून भरत आणि अर्धे टाकून उठत. पोरांना मापाने खिचडी वाढणारी बाई ती. शेजारच्या टेबलावर चार गुलाबजाम तसेच पडलेले पाहून ती म्हणाली, "माझ्या अंगणवाडीत हे चौघांचे झाले असते." दुसऱ्या वेळेस ती समुद्राकडे तोंड करून जेवायला बसली.

गोव्याचे फारसे सांगण्यासारखे नाही. बोट मुरगाव बंदरात लागते, तिथून पणजीला गाडीने जावे लागते, आणि परत वेळेवर चढायचे म्हणून घड्याळ बघत फिरणे होते. बोटीवाल्यांच्या गाडीने गेले तर महाग, साध्या बसने गेले तर स्वस्त. आम्ही बसने गेलो. पणजीचा मांडवीकाठ पाहिला, बाजारात काजू आणि कोकम घेतले आणि परत आलो.

परतीचा दिवस सगळा समुद्रावरच. त्या दुपारी आम्ही हिला शोधत होतो. खोलीत नाही, जेवणघरात नाही. वरच्या डेकवर मागच्या बाजूला सावलीत एका लांब खुर्चीवर ती बसली होती. हातात काही नव्हते. विणकाम नाही, निवडायला भाजी नाही, फोनसुद्धा नाही. बोटीच्या मागे पाण्यात पांढरा पट्टा उमटत जातो, तो ती बघत होती. बरे वाटत नाही का, म्हणून आम्ही घाबरून कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "काही नाही झाले. दोन तास झाले असतील बसून. कुणी चहा मागितला नाही."

आम्ही शेजारच्या खुर्चीवर बसलो. काय बोलावे सुचेना, कारण आमच्या तोंडात खरोखरच 'चहा घेऊया का' हेच आले होते. ते गिळले. तासाभराने ती आपणहून बोलू लागली. लग्न झाले त्या साली तिला परिचारिकेच्या शिक्षणासाठी अर्ज करायचा होता. तो कागद तिने दोन वर्षे ट्रंकेत ठेवला होता. मुलगी परिचारिका झाली ती आमच्या प्रोत्साहनाने, असे आम्ही चारचौघांत सांगत आलो आहोत. छत्तीस वर्षांच्या संसारात हा कागद आम्हाला पहिल्यांदा कळला. त्याआधी आम्हा दोघांना एकत्र रिकामे बसायला असे दोन तास कधी मिळाले होते, ते आठवून पाहिले. नाही आठवले.

जाणाऱ्यांसाठी थोडे. आधारकार्ड अस्सल न्यावे, झेरॉक्स चालत नाही. तिकिटात राहणे, जेवण आणि बहुतेक करमणूक येते. दारू, थंड पेये, खास खेळ आणि नोकरवर्गाच्या सेवेची रक्कम पुष्कळदा वेगळी लावतात. पैसे भरण्याआधी एकूण आकडा कागदावर मागावा. फोन बोटीच्या यंत्रणेला जोडला गेला तर दर जबर लागतो. विमानात करतात तसा बंद ठेवावा. नाताळ आणि दिवाळीच्या सुट्टीत भाव चढतो. जुगाराची खोली असते, तिच्या दारावरून सरळ पुढे जावे.

उतरण्याच्या सकाळी दार्जिलिंगच्या पोराने हिच्या पाया पडायला वाकून पाहिले. हिने त्याला मध्येच धरले आणि हात जोडून जयभीम केला. त्याला तो शब्द नवा होता, पण त्यानेही हात जोडले. अभिप्रायाचा कागद भरायचा असतो. त्यावर हिने स्वतः, मराठीत, त्या मुलाचे नाव लिहून खाली चार ओळी लिहिल्या. कुणी वाचल्या की नाही कोण जाणे. काजूची एक पुडी त्याच्या हातात देऊन झाली तेव्हा तो म्हणाला, आज रविवार आहे ना? आम्ही म्हटले, हो, रविवार.

चाळीत आल्यावर आठवडाभर बायका आमच्या घरी येत होत्या. बोटीत काय काय आहे, यापेक्षा त्यांचा एकच प्रश्न, खरेच चार दिवस भांडे घासले नाही का? मार्चपासून नऊ जणींनी मिळून भिशी सुरू केली आहे, महिना दीड हजाराची. जिची चिठ्ठी निघेल तिने पैसे घरात घालायचे नाहीत, कुठेतरी जायचे, असे आधीच वहीत लिहून सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. नवऱ्याला न्यायचे की मैत्रिणीला, ते जिचे तिने ठरवायचे. पहिली चिठ्ठी निघाली ती तळमजल्यावरच्या, घरकाम करणाऱ्या ताईंची. त्यांना बोट नको आहे. त्यांना महाबळेश्वर बघायचे आहे, आणि बरोबर त्या आमच्या हिला नेणार आहेत. त्या तीन दिवसांत घरी स्वयंपाक आमच्याकडे आहे. कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या, ते आम्ही कागदावर लिहून घेतले आहे.